तीनपैकी एक ब्लॉट

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी मूळची सांगोल्याची. घरी डाळिंबाची बाग आहे. एम.एस्सी. केलं, नेट-जेआरएफ मिळाली आणि एका विद्यापीठाच्या विभागात पीएच.डी.ला लागले. चौथं वर्ष संपत आलंय, फेलोशिपचे चौदा महिने उरलेत. विषय आहे स्तनाच्या कर्करोगातलं सेल सिग्नलिंग, म्हणजे पेशींमधली निरोपांची देवाणघेवाण. एमसीएफ-७ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींमध्ये एक प्रथिन कमी केलं की एकेटी या दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट बसणं, म्हणजे त्याचं फॉस्फोरिलेशन, घटतं, असं मला दुसऱ्या वर्षी दिसलं. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनांच्या गडद-फिक्या पट्ट्या दाखवणाऱ्या चाचणीत, तीनदा दिसलं. सर खूश होते, पोस्टरही लावलं. गेल्या दिवाळीनंतर पुन्हा करायला घेतलं तर तीन वेळांत एकदाच येतं. त्याच सुमारास आमचा डीप फ्रीझर बंद पडला, पेशींच्या खाद्यात घालायचं सिरमही दुसऱ्या कंपनीचं आलं, सगळाच घोळ होता. सीनियर म्हणतो, 'चांगला आलाय तो ब्लॉट लाव, सगळे असंच करतात.' सरांना पेपर हवाय. पुण्यातल्या एका कंपनीत बायोअसेच्या, म्हणजे औषधं पेशींवर तपासायच्या, कामासाठी इंटरव्ह्यू झाला, ते एम.एस्सी.वर घ्यायला तयार आहेत. घरी स्थळं बघणं सुरू झालंय. मोठ्या संस्थेत असते तर गोष्ट वेगळी होती, पण आमच्यासारख्या ठिकाणी खरं संशोधन होतं तरी का? मावशीचं दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, आता ती रोज टॅमॉक्सिफेनची गोळी घेते. परवा तिनं विचारलं, 'तुझ्या त्या पेशींचा मला काय उपयोग गं?' मला उत्तर देता आलं नाही. सोडून देऊ का?"

प्रिय सांगोलेकर,

आधी ब्लॉटचं बोलू, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. तो एकटा ब्लॉट लावू नकोस. पेपरात नको आणि प्रबंधातही नको. लावायचे तर तीनही लाव. सीनियर म्हणतो सगळे असंच करतात, पण सगळे करत नाहीत. मी या कामात सत्तावीस वर्षं काढली. ज्यांच्या निकालावर विसंबून मी माझा पुढचा प्रयोग रचायचे अशी माणसं मला या काळात भेटली, आणि त्यांच्या वहीत फसलेले ब्लॉटही तारीख घालून चिकटवलेले असायचे.

तू लिहिलेलं मला डोळ्यांसमोर दिसतं. रात्रीचे नऊ-साडेनऊ, विभागात वॉचमन सोडला तर कुणी नाही, आणि तू मशीनच्या पडद्यावर बँड, म्हणजे प्रथिनाची पट्टी, उमटायची वाट बघत उभी आहेस. कंट्रोलची, म्हणजे प्रथिन कमी न केलेल्या पेशींची, लेन गडद हवी, शेजारची फिकी. दोन्ही सारख्याच गडद येतात. पोटात खड्डा पडतो. दोन दिवसांची मेहनत, बर्फाच्या डब्यात गारठलेली बोटं, आणि प्रथिन ओळखून धरणाऱ्या अँटिबॉडीची ती कुपी. शंभर मायक्रोलिटर म्हणजे जेमतेम दोन थेंब, आणि किंमत तुझ्या महिन्याच्या फेलोशिपच्या आसपास. अशा वेळी मनाजोगता आलेला एक ब्लॉट हाताशी असला की तोच खरा आणि बाकीचे चुकले असं वाटायला लागतं. हा मोह वाईट माणसालाच होतो असं समजू नकोस, दमलेल्या माणसाला तो जास्त होतो.

पण त्याची किंमत कोण मोजतं ते बघ. अ‍ॅमजेन कंपनीत कर्करोग संशोधनाचे प्रमुख राहिलेले ग्लेन बेगली आणि त्यांचे सहलेखक ली एलिस यांनी २०१२ साली 'नेचर'मध्ये एक लेख लिहिला. औषधाचं काम हाती घेण्याआधी कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी ५३ गाजलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष स्वतः करून पाहिले होते. त्यातले फक्त ६ टिकले. बाकीच्यांत फसवाफसवी होती असं त्यांनी म्हटलं नाही. नमुना कुठला आहे हे ठाऊक असताना निकाल वाचणं, एखादा देखणा निकाल पुढे करणं, अशा रोजच्या सवयींकडे त्यांनी बोट दाखवलं. म्हणजे कुठल्या तरी विभागात कुणीतरी चांगला आलेला ब्लॉट लावला, आणि त्याच्या भरवशावर दुसऱ्या कुणाची वर्षं गेली.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य. तू ते घाईत, दुसऱ्याच गोष्टीबद्दल तक्रार करताना लिहिलंस: सिरमही दुसऱ्या कंपनीचं आलं. मी तिथंच थांबले.

एमसीएफ-७ या पेशींना इस्ट्रोजेनचं फार वेड आहे. सिरममध्ये वासराच्या रक्तातली संप्रेरकं असतात, इन्सुलिनसारखे वाढीचे घटक असतात, आणि ते किती असतात हे दर लॉटला, म्हणजे कंपनीच्या दर खेपेला, बदलतं. नुसत्या सिरमवरच थांबू नकोस. तुझ्या मीडियाचा, पेशी वाढवायच्या द्रवाचा, गुलाबी रंग असतो ना, ते फिनॉल रेड. १९८६ साली असं लक्षात आलं की या रंगामुळेच एमसीएफ-७ पेशींना हलकासा इस्ट्रोजेन दिल्यासारखं होतं. रंगामुळे म्हण किंवा रंगातल्या अशुद्धीमुळे म्हण. तोवर कित्येकांनी 'संप्रेरकाशिवाय' म्हणून केलेले प्रयोग संप्रेरकासकटच झाले होते. एकेटीचा सिग्नल वाढीच्या घटकांवरच नाचतो. पूर्वीच्या सिरममध्ये तुझं प्रथिन कमी झाल्याचा परिणाम दिसायला जागा होती, नव्या सिरममध्ये एकेटी मुळातच टिपेला पोचलेलं असेल, तर तुझा फरक त्याखाली बुडून जाणार. असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण दिवाळीनंतर निकाल बदलला आणि दिवाळीच्या सुमारास बाटली बदलली, हे तू एका कागदावर शेजारी शेजारी मांडलं नाहीस याचं मला वाईट वाटलं. मनाला दोष द्यायच्या आधी बाटलीवरचा नंबर बघायचा असतो.

फ्रीझरचंही बघ. पेशी त्यातून वाचल्या असतील, पण ज्यानं तू प्रथिन कमी करतेस ते एसआयआरएनए आणि अँटिबॉडी पुन्हा पुन्हा वितळून गोठली असेल तर ती पूर्वीइतकी भरवशाची राहत नाही. पेशींचा पॅसेज किती झालाय, म्हणजे त्या किती वेळा नव्या प्लेटमध्ये हलवल्यास? प्लेट किती भरलेली असताना लायसेट, पेशी फोडून काढलेला अर्क, घेतेस? फॉस्फोच्या ब्लॉटला दुधात ब्लॉक करतेस का? दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रथिन, म्हणून बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरायचं हे तुला ठाऊक असेल, पण नवीन आलेल्या मुलीनं सोल्युशन बनवलं असेल तर विचारून घे. फॉस्फेट निघून जाऊ नये म्हणून लायसिस बफरमध्ये ऑर्थोव्हॅनाडेट आणि फ्लोराइड घातलंय का, आणि ते कधीचं आहे?

माझ्या बाबतीत मायकोप्लाझ्मा, पेशींच्या साठ्यात शिरणारा एक बारीक जंतू, निघाला होता. तिसरं वर्ष होतं. ईजीएफ हे वाढीचं प्रथिन दिलं की पाच-दहा मिनिटांत फॉस्फो-ईआरके, म्हणजे फॉस्फेट बसलेलं ईआरके प्रथिन, चढायला हवं, ते माझ्याकडे ईजीएफ न देताच चढलेलं. पाच महिने मी अँटिबॉडीला, मशीनला आणि स्वतःला बोल लावत राहिले. शेवटी एका दुपारी काचपट्टीवर पेशी घेऊन डीएनए रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. मधोमध निळं केंद्रक दिसायला हवं आणि भोवती काळोख. माझ्याकडे केंद्रकाभोवती रवा सांडावा तसे बारीक निळे ठिपके होते. त्या पेशींमध्ये माझ्याखेरीज आणखी कुणीतरी राहत होतं. सगळ्या लॅबचा साठाच बाधित निघाला. सहा जणांचं काम थांबलं. आमच्या मॅडमनी छापायला गेलेला लेख परत मागवला, आणि त्यातल्या दोन आकृत्या पुढच्या वर्षी नव्यानं करून घेतल्या. त्या रात्री मी होस्टेलच्या जिन्यात बसून रडले. पण त्यानंतर मी कुठल्याही निकालाला घाबरले नाही हेही खरं. तेव्हापासून नवीन पेशी आल्या की आधी महिनाभर वेगळ्या ठेवायच्या, तपासायच्या, मगच आत घ्यायच्या. एमडीए-एमबी-४३५ नावाच्या पेशी वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या, आणि त्या मेलानोमाच्या, त्वचेच्या कर्करोगाच्या, निघाल्या. तुझ्या पेशींचं एसटीआर प्रोफाइल, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवणं, केलेलं नसेल तर ते आता करून घे.

आणि निकाल बदलतोय यात नेहमी नुकसानच असतं असंही नाही. १९७९ सालची गोष्ट. टोनी हंटर अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये एका विषाणूच्या प्रथिनावर फॉस्फेट नेमकं कुठल्या अमिनो आम्लावर बसतं ते बघत होते. तेव्हा सेरीन आणि थ्रिओनीन एवढंच माहीत होतं. अमिनो आम्लं वेगळी करायला त्यांनी बफर वापरला तो ताजा नव्हता. पुन्हा पुन्हा वापरून त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर उतरला होता. त्या उतरलेल्या पीएचमुळे एक ठिपका थ्रिओनीनच्या ठिपक्यापासून सुटा झाला. एरवी ते दोन्ही एकावर एक बसले असते आणि कुणाला कळलं नसतं. तो ठिपका टायरोसिनचा होता, म्हणजे फॉस्फेट या तिसऱ्या अमिनो आम्लावरही बसतं. हंटर यांनी तो घाण म्हणून पुसून टाकला नाही. वेगळा ठिपका का आला हे शोधलं, बफरचा पीएच मोजला, आणि मग जाणूनबुजून त्याच पीएचला प्रयोग पुन्हा केला. तुझ्या सिरमचं असंच काही निघालं, इस्ट्रोजेन असताना एक आणि नसताना दुसरं असा तुझ्या प्रथिनाचा स्वभाव निघाला, तर तो तुझ्या दुसऱ्या वर्षीच्या पोस्टरपेक्षा किती तरी चांगला निकाल असेल.

आता तुझ्या मावशींचा प्रश्न. मला तो तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटला, आणि त्याचं उत्तर तुझ्याच इन्क्युबेटरमध्ये आहे.

मावशींच्या बायॉप्सीच्या रिपोर्टात तीन नावं असतील: ईआर, पीआर, हर-२. तिन्ही रिसेप्टर आहेत, पेशीला निरोप पोचवणारी प्रथिनं. पॅथॉलॉजिस्ट गाठीचा पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली बघतात, आणि इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असला तर केंद्रकं तपकिरी दिसतात. टॅमॉक्सिफेन देतात त्या अर्थी मावशींची केंद्रकं तपकिरी होती. ती गोळी त्या रिसेप्टरची जागा अडवून बसते, इस्ट्रोजेनचा 'वाढ' हा निरोप आत पोचू देत नाही. बास, मावशी रोज गिळतात ती गोळी म्हणजे सेल सिग्नलिंगच आहे. टॅमॉक्सिफेन १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीनं गर्भनिरोधक म्हणून बनवलं होतं, आणि त्या कामी ते नापास झालं. नापास झालेलं ते औषध कर्करोगात का चालतं हे उलगडताना ज्या पेशी कामी आल्या त्यात तुझ्या एमसीएफ-७ होत्या. त्या पेशी १९७० साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये सिस्टर कॅथरिन फ्रान्सिस नावाच्या एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून काढल्या. त्या बाईंना स्तनाचा कर्करोग होता. मिशिगन कॅन्सर फाउंडेशन या संस्थेच्या नावातली आद्याक्षरं म्हणजे एमसीएफ, आणि सात हा प्रयत्नाचा आकडा. त्याआधीच्या वेळी पेशी टिकल्या नव्हत्या. आज तू सकाळी फ्लास्क उघडून बघतेस त्या त्यांच्याच.

आपल्याकडे पेशी अशा बाटलीत वाढवायला सुरुवात केली तीही एका मराठी बाईनं. पुण्याच्या कमल रणदिवे. कर्करोग संशोधक डॉ. खानोलकरांकडे पीएच.डी. केल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकून आल्या, म्हणजे जिथं हेला पेशी, माणसाच्या शरीराबाहेर अखंड वाढत राहिलेल्या पहिल्या पेशी, वाढवल्या त्या जागी. परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. कामाचा विषय स्तनाचा कर्करोग. तू ज्या खुर्चीत बसतेस तिचा असा वारसा आहे.

तरी मावशींना खोटी आशा देऊ नकोस. तुझा ब्लॉट त्यांच्यासाठी उद्या काही करणार नाही. काळ किती लागतो ते त्यांना सरळ सांग. रक्ताच्या एका कर्करोगात, सीएमएलमध्ये, एक आखूड गुणसूत्र सापडलं १९६० साली. ते दोन गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून होतं हे जॅनेट राउली यांनी दाखवलं १९७३ साली. त्या अदलाबदलीतून सतत चालू राहणारं एक टायरोसिन कायनेज, म्हणजे टायरोसिनवर फॉस्फेट बसवणारं प्रथिन, तयार होतं हे त्यानंतरच्या वर्षांत कळलं. म्हणजे बघ, हंटर यांचा तो ठिपका इथं येऊन मिळतो. आणि ते कायनेज बंद करणारी इमॅटिनिबची गोळी अमेरिकेत मंजूर झाली २००१ साली. एक्केचाळीस वर्षं. या मधल्या वर्षांत तुझ्यासारख्या किती जणींनी किती प्रयोग केले असतील, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. पण त्यांनी वहीत लिहिलेलं खरं होतं म्हणून पुढचीला त्यावर पाय ठेवता आला. मावशींना हे समजेल. डाळिंबाची बाग लावणाऱ्या घरातल्या बाईला थांबणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी मध्येच सोडायची नाही, एवढं मात्र बजावून सांग.

"आमच्यासारख्या ठिकाणी खरं संशोधन होतं का?" या तुझ्या वाक्याचा मला राग आला. तुझा नाही, हे वाक्य तुझ्या मनात ज्यांनी घातलं त्यांचा.

आपल्या गावांच्या वेशीवर मरीआईची देवळं आहेत. पटकी आली की गावंच्या गावं ओस पडायची, म्हणून ती देवळं. ती पटकी माणसाला नेमकी कशी मारते हे १९५९ साली कलकत्त्यात एका मेडिकल कॉलेजातल्या पॅथॉलॉजीच्या प्राध्यापकांनी दाखवलं. शंभूनाथ डे. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्यानं बांधायचा आणि आत पटकीच्या जंतूंचं गाळलेलं पाणी सोडायचं, त्यात जिवंत जंतू एकही नाही. तुकडा पाण्यानं टम्म फुगला. जंतू विष सोडतो आणि ते विष एकटंच पुरेसं असतं, अशी शंका रॉबर्ट कॉख यांनी १८८४ सालीच बोलून दाखवली होती, पण पंचाहत्तर वर्षं ती कुणाला सिद्ध करता आली नव्हती. डे यांच्याकडे होते ससे, दोरा आणि गाळणी. ते विष आतड्याच्या पेशीतल्या जी-प्रोटीन या निरोप पुढे देणाऱ्या प्रथिनाचं बटण चालू करून तसंच अडकवून ठेवतं, सायक्लिक एएमपी हे पेशीतलं निरोपाचं रसायन वाढत जातं, क्लोराइड बाहेर पडतं आणि त्याच्या मागोमाग पाणी, हे पुढे इतरांनी उलगडलं. तुझ्या अभ्यासक्रमात सिग्नलिंगच्या पहिल्या धड्यात हे उदाहरण असेल, डे यांचं नाव मात्र बहुधा नसेल. साखर आणि मीठ मिळून आत घेणारी पेशीची वाट या विषाच्या तडाख्यातून सुटते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या रुग्णांसाठीचं सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ड्रममधून वाटलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं. डे १९८५ साली गेले. हयातीत देशातल्या एकाही विज्ञान अकादमीनं त्यांना फेलो करून घेतलं नाही. याची मला आजही चीड येते. पण मान नाही मिळाला म्हणून सशाच्या आतड्यातलं पाणी खोटं ठरलं नाही. तुझा फ्रीझर बंद पडतो ही अडचण खरी आहे, जनरेटरसाठी भांडायला हवं. त्यानं तुझा प्रश्न मात्र लहान होत नाही.

आता सोडायचं की राहायचं. माझं मत: राहा आणि प्रबंध सादर कर. फक्त मुदत घालून राहा. पहिले तीन महिने सिरमचा प्रश्न सोडवायला दे, एक दिवस जास्त नाही. जुन्या लॉटची एखादी बाटली शेजारच्या लॅबच्या फ्रीझरमध्ये पडली असेल तर हात जोडून मागून आण. फिनॉल रेड नसलेला मीडिया आणि संप्रेरकं निघून जावीत म्हणून चारकोलमधून काढलेलं सिरम घेऊन, इस्ट्रोजेन देऊन आणि न देता, असा एकच नेटका प्रयोग लाव. नळ्यांवर नावाऐवजी नंबर घाल आणि बँड मोजायचं काम दुसऱ्या कुणाला दे. उत्तर मिळालं तर तेच तुझं मुख्य प्रकरण. नाही मिळालं तर 'हा परिणाम अमुक परिस्थितीत टिकत नाही' असं लिही आणि बाकीच्या उद्दिष्टांवर उरलेला वेळ घाल. प्रबंधात नकारात्मक निकाल चालतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. तुझ्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते पीएच.डी. सेक्शनला जाऊन लेखी विचार, कॅन्टीनमधल्या गप्पांवर जाऊ नकोस. बायकांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आणि बाळंतपणासाठी व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा त्याच नियमावलीत आहे. हे घरीही सांगून ठेव.

सरांशी बोलायचं ते एकटीनं आणि कागद घेऊन. सगळे ब्लॉट तारखेप्रमाणे लावायचे, खाली सिरमचा लॉट, पॅसेज, अँटिबॉडीचा लॉट. 'सर, येत नाहीये' असं म्हटलं की त्यांना तुझी चूक ऐकू येईल. 'सर, अमुक तारखेपर्यंत येत होतं, तमुक तारखेनंतर बदललं, या तीन गोष्टी मला तपासायच्यात' असं म्हटलं की त्यांना प्रयोग ऐकू येईल. बहुतेक गाईड अशा वेळी तुझ्या बाजूनं उभे राहतात, पोस्टरवर त्यांचंही नाव आहे. बोलून झाल्यावर दोन ओळींचा मेल टाक, काय ठरलं त्याचा. आणि दर सत्राला सल्लागार समितीपुढे जातेस ना, तिथंही हेच मांड. सगळं मांडूनही सर म्हणाले की तो एकच ब्लॉट लाव, तर मात्र माझं मत बदलेल. समितीला लेखी कळव, आणि तिथंही ऐकलं गेलं नाही तर कंपनीचं पत्र घे. हा एकच प्रसंग असा आहे की मी तुला चौथ्या वर्षीही निघून जा म्हणेन.

कंपनीच्या कामाबद्दल तुझ्या लिहिण्यात थोडा कमीपणा जाणवला, तो काढून टाक. ट्रॅस्टुझुमॅब हे हर-२ रिसेप्टरला धरणारं औषध अमेरिकेत १९९८ साली आलं. आता आपल्याकडच्या कंपन्या त्याची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच औषधं, बनवतात. बॅच बाहेर जाण्याआधी ती खरंच काम करते का हे पेशींवर तपासावं लागतं. बीटी-४७४ सारख्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी प्लेटमध्ये घालायच्या, औषध वाढत्या मात्रेनं द्यायचं, वाढ किती रोखली जाते त्याचा आलेख मूळ औषधाच्या आलेखाशी ताडून बघायचा. तुझ्या मावशींसारख्या बाईच्या शिरेत ते औषध जाणार असतं. तिथं प्रत्येक आकड्याखाली सही आणि तारीख लागते, आणि तीनपैकी दोन निकाल दडवले तर नोकरी जाते. सीनियरला हेही सांग.

मग आत्ताच का जाऊ नये? एम.एस्सी.वर शिरलीस तर कुणीतरी आखलेली चाचणी चालवायला मिळेल, ती का बिघडली हे ठरवायचा अधिकार मिळायला फार वर्षं जातील. पीएच.डी.नं येणारा फरक मुख्यतः तोच. बिघडलेला प्रयोग दुरुस्त करणं तू या चौदा महिन्यांत शिकणार आहेस. त्या कंपनीला प्रांजळपणे लिही की प्रबंध सादर करून येईन. ते थांबतील असं नाही, पण अशी कामं पुण्यात, बंगळूरला, हैदराबादला, अहमदाबादला निघत असतात.

पोस्टडॉकचं एवढंच सांगते की पुढची पायरी म्हणून आपोआप चढू नकोस. परदेशात तीन-चार वर्षं सहज जातात, परत येताना रामलिंगस्वामी फेलोशिप किंवा इंडिया अलायन्ससारख्या वाटा आहेत, पण अर्ज खूप आणि जागा थोड्या. एखादा प्रश्न झोपू देत नसेल तरच जा. आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून 'बघू पुढे' म्हणत बसायचं नाही. त्यात माझ्या ओळखीच्या फार चांगल्या मुलींची उमेदीची वर्षं गेली.

बाबांना पैशाचं स्पष्ट सांग. सीनियर फेलोशिपचे महिन्याला ४२ हजार आणि वर घरभाडं, ते कधी कधी तीन-चार महिने थकतं, आणि चौदा महिन्यांनी ते संपतं. शेतकऱ्याला उशिरा येणाऱ्या पैशाचं गणित समजतं. स्थळाचं म्हणशील तर लग्न कधी करायचं हे मी सांगणार नाही. समोर बसलेल्या मुलाला एवढं मात्र विचार की रविवारी सकाळी पेशींना मीडिया घालायला जावं लागेल, चालेल का. त्याच्या उत्तरावरून बरंच कळेल.

उद्या सकाळी लॅबमध्ये गेलीस की वही उघडायच्या आधी फ्रीझरकडे जा. आताच्या सिरमच्या बाटलीवरचा लॉट नंबर लिहून घे, आणि दिवाळीआधीचा नंबर खरेदीच्या जुन्या बिलांतून शोध. दोन्ही मला कळव. सोबत न आलेल्या दोन ब्लॉटचे फोटोही पाठव, मला ते आलेल्या ब्लॉटइतकेच बघायचे आहेत.

तुझी,
ताई